एक नंबरची ट्राम

१८ फेब्रुवारी, मंगळवार. मेलबर्न

परवा पोचले. लिहायला आज बसते आहे.

विमानतळावर हर्षद उभा होता. दाढी वाढलेली, स्वेटर उलटा घातलेला. जावई माझा, पण ओळखायला क्षणभर लागला. पाया पडायला वाकला आणि तसाच खाली बसून राहिला. लोक वळून बघायला लागले. शेवटी मीच दंडाला धरून उठवलं. घराशी आल्यावर म्हणाला, "आई, ती वरच्या मजल्यावरच्या बाईंकडे आहे."

ती म्हणजे बाळ. आरोहीची मुलगी.

माझी आरोही बाळंत झाली, घरी आली, सगळं ठीक होतं. व्हिडिओवर मला बाळाची नखं दाखवली — "आई, बघ, तुझ्यासारखी चपटी आहेत!" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली म्हणे. डॉक्टरांनी हर्षदला समजावलं, हर्षदने ह्यांना, ह्यांनी मला. माझ्यापर्यंत पोचेतो 'गुठळी' एवढाच शब्द उरला.

बाळंतपणाला यायचं म्हणून व्हिसा मागितला होता. तो आला ती गेल्यावर!

२१ फेब्रुवारी

बाय रडते. मी तिला बायच म्हणते. भूक नाही, पोट मऊ आहे, ताप नाही, तरी रडते. तेल लावून बघितलं, शेक दिला, ओवीसारखं काहीबाही गुणगुणले. काही उपयोग नाही. अंगाला अंग लागलं की अजूनच ताठ होते. तिला माझा वास नको आहे. जो हवा आहे तो कुठून आणू?

हर्षद दूध करतो, बाटल्या उकळतो, कपडे धुतो. बाटली माझ्या शेजारी ठेवतो आणि आत जातो. तिच्याकडे बघत नाही. एकदाही उचललेलं मी पाहिलं नाही.

बारसं झालेलं नाही. नाव विचारावं असं वाटतं, धीर होत नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज एक गोष्ट घडली!

सकाळपासून रडत होती. हर्षद आतल्या खोलीत दार लावून. म्हटलं, बाहेर तरी पडू. तसा त्याने येऊन मला हिरवं कार्ड दिलं — "चढलात की यंत्राला लावायचं, आवाज आला की झालं. हरवलात तर नुसतं उलट्या बाजूने बसायचं, गाडी घराशीच येते." एवढं लांब वाक्य तो पहिल्यांदाच बोलला.

कोपऱ्यावरून एक नंबरची ट्राम सुटते. इथूनच, हे तिचं एक टोक. जुनी गाडी, चढायला पायऱ्या. बाबागाडी कशी उचलू म्हणते तोवर मागच्या माणसाने पुढची चाकं धरली, आम्हाला वर ठेवलं आणि मागे जाऊन पेपर वाचत बसला. बघितलंसुद्धा नाही.

बाय किंचाळत होती. सगळे आमच्याकडेच बघताहेत असं वाटलं. मग गाडी हलली. रुळांवरून घरघर, मध्येच टण टण घंटा, वळणावर लांब कुईऽऽ आवाज. आणि बाय गप्प! मी घाबरून वाकले. झोपली होती. मूठ उघडली होती.

उतरलेच नाही मी. दुकानं गेली, विद्यापीठ गेलं, उंच इमारती, नदी — बसूनच राहिले. शेवटी गाडी थांबली, चालक उठून दुसऱ्या टोकाला निघाला. मला बघून म्हणाला, "लास्ट स्टॉप." पुढे समुद्र.

लाटा नाहीत ह्याला. भरती येऊन थबकली की आमच्या रत्नागिरीला भाट्याच्या खाडीत पाणी असतं, तसा गप्प समुद्र. पाच मिनिटं उभी राहिले. बाय लगेच चुळबुळायला लागली. त्याच गाडीने परत.

२५ फेब्रुवारी

परत गेले. परत झोपली.

ह्यांचा रत्नागिरीहून फोन. "काय गो, बाय झोपते काय?"

"ट्राममध्ये झोपते. घरात नाही."

"मग तिथेच बिऱ्हाड कर!"

हसले ते. मागे कलमांवर फवारणीच्या पंपाचा आवाज येत होता.

४ मार्च

आता रोजचंच झालं आहे. सकाळी दूध, मग ट्राम. समुद्रापर्यंत, परत. दुपारी पुन्हा. मेलबर्न बघायला कोणी येईल तर काय बघेल ठाऊक नाही. मला हे शहर एका रुळावरून जेवढं दिसतं तेवढं दिसलं. वडाच्या पानाएवढी पानं असलेली झाडं. जुन्या घरांचे लोखंडी जाळीचे व्हरांडे. शहराच्या मध्यभागी तिकीट लागत नाही, तिथे पोरं एका स्टॉपवरून पुढच्या स्टॉपपर्यंतही चढतात! उतरायचं असेल तर दोरी ओढायची. कंडक्टर नाही. ओरडणारं कोणी नाही.

आरोही म्हणायची, "आई, तू आलीस की एकदा टोकापासून टोकापर्यंत जाऊ. मी कधी गेलेच नाही, मधेच उतरते." मी आता रोज जाते आहे.

११ मार्च, मंगळवार

बाजाराशी एक म्हातारी चढते. ग्रीक. पायापर्यंत काळे कपडे, चाकांची पिशवी. आज माझ्याशेजारी बसली. बायकडे बोट करून म्हणाली, "नेम?"

काय सांगू? म्हटलं, "बाय."

तर तिने हात हलवला — "बाय-बाय!" आणि मला उतरायचं आहे असं वाटून पाय बाजूला घेतले!

मला हसू आलं. आवरेना. हसता हसता कधी रडायला लागले कळलं नाही. इथे आल्यापासून पहिल्यांदा, आणि तेही भर गाडीत. म्हातारीने विचारलं, "मामा? हर मामा?" मी वर बोट केलं. तिने छातीवर क्रूस काढला आणि माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. तिचा स्टॉप गेला. पुढचाही गेला. ती उतरली नाही.

१६ मार्च

फोनवर सगळं ठरलं. हर्षदची आई चिपळूणला अंथरुणाला खिळलेली, तिच्याकडून होणार नाही. हर्षद एकटा, नोकरी. तेव्हा बाय माझ्याबरोबर रत्नागिरीला येणार. शाळेत जाईपर्यंत तरी.

हे म्हणाले, "घेऊन ये गो तिला. आपल्या आरोहीचं तेवढंच राहिलंय."

हर्षदने मान हलवली. "तुमच्याकडे बरी राहील." आणि भांडी घासायला लागला. भांडी घासलेलीच होती.

खरं लिहायचं तर मला बरं वाटलं. आतून उबदार वाटलं. नको होतं तसं वाटायला.

३० मार्च, रविवार

पाडवा. हर्षद म्हणाला, "आज काही करायचं असतं ना?"

म्हटलं, "असतं. यंदा नाही."

९ एप्रिल

थंडी पडायला लागली. झाडांची पानं पिवळी होऊन रुळांवर पडतात, गाडी त्यांच्यावरून घसरते की काय वाटतं. बायला आरोहीची शाल गुंडाळते. शालीला तिचा वास होता, आता दुधाचा आहे. हळूहळू गेला. मी हुंगून हुंगूनच संपवला बहुतेक.

हर्षदची खोली बंदच. कामावर जातो, येतो, जेवतो, दार लावतो. आज म्हटलं, "चल ना रे, ट्राममधून येऊ." नुसतं "डोकं दुखतंय" म्हणाला.

२५ एप्रिल, शुक्रवार

फार उशीर झालाय. तरी लिहिते.

आज इथे सुट्टी. युद्धात गेलेल्यांचा दिवस. मला काय माहीत! हर्षद झोपला आहे म्हणून न सांगता सकाळी निघाले. गाडीत सगळे कोट-टाय घातलेले, म्हाताऱ्यांच्या छातीवर पदकं. शहराच्या मध्यावर गाडी थांबली. चालक काहीतरी बोलला, सगळे उतरले. कोणीतरी बाबागाडी खाली ठेवली. पुढे रस्ता बंद, मिरवणूक, बॅंड, माणसंच माणसं. मागच्या ट्रामही सगळ्या एकामागे एक उभ्या, रिकाम्या.

गाडी थांबली आणि बाय जागी झाली. बॅंडचा ढोल वाजला आणि तिने जो टाहो फोडला! दूध होतं ते पाजलं, ओकली. दुसरी बाटली आणली नव्हती. मोबाईल काढला — बंद. रात्री चार्जिंगला लावायला विसरले.

हर्षद म्हणाला होता, उलट्या बाजूने बस. पण उलटी बाजू लोकांच्या पलीकडे, रस्ता ओलांडू देत नव्हते. केशरी जाकीट घातलेल्या बाईला विचारलं, तिने बरंच सांगितलं, मला "वॉक" एवढंच कळलं. कुठे वॉक? रडणारं पोर घेऊन त्याच चौकात फिरत राहिले. बायचा चेहरा जांभळा. श्वास अडकत होता तिचा. माझ्या मनात एकच — हीपण जाते की काय माझ्या हातून.

ट्रामच्या कट्ट्यावर बसले. एक मुलगी जवळ आली, पाठीला पिशवी, पंजाबी असावी. "आंटी, आप इंडिया से हो?"

मी तिचा फोन मागितला. आणि बोटं अडली. हर्षदचा नंबर मला पाठ नाही! सगळा फोनमध्ये. पाठ एकच नंबर — आमच्या ह्यांचा.

तिकडे नुकतं उजाडलं असेल. ह्यांनी उचलला.

"मी मालन. हर्षदला फोन करा. आम्ही रस्त्यात अडकलोत."

"बाय कुठाय?"

"माझ्याजवळच. रडत्ये."

"ऐकतोय," म्हणाले. थोडा वेळ नुसतंच ऐकत राहिले तिचं रडणं, समुद्रापलीकडून. मग म्हणाले, "जागची हलू नको," आणि ठेवला.

मुलीने तिच्या फोनवरून आमची जागा ह्यांना पाठवली. ती थांबली माझ्याबरोबर. नाव विचारायचं राहिलं.

हर्षद आला तो धावतच. त्या बाजूच्या ट्राम विद्यापीठापाशी थांबवल्या होत्या, तिथून पळत आला होता. पायांत घरातल्या सपाता, एकीचा अंगठा निघालेला. बाबागाडीतून तिला उचललं. मी बघत राहिले — त्याने तिला उचललं! ती शांत वगैरे झाली नाही, अजून जोरात रडली, त्याच्या मानेला ओरबाडलं. तो तिथेच कट्ट्यावर बसला, खिशातून बाटली काढली. बाटली आणली होती त्याने. दोनदा तिने जिभेने बाहेर ढकलली. तिसऱ्यांदा धरली. ती चुटूचुटू पीत होती आणि ह्याच्या नाकातून, डोळ्यांतून पाणी, पुसायला हात मोकळा नाही. मी पदराने पुसलं.

चालत विद्यापीठापर्यंत गेलो, तिथून परतीची ट्राम मिळाली. बाय त्याच्या छातीवर झोपली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आई, तेव्हा ही माझ्या हातात होती."

"कधी?"

"आरोही पडली तेव्हा. न्हाणीघरातून बाहेर आली, भिंतीला धरलं, माझ्याकडे बघितलं. मी हिला ठेवायला जागा बघत होतो. पलंगावर ठेवलं. खाली पडू नये म्हणून बाजूला उशी लावली. वळलो तर —" थांबला. "उशी कशाला लावत बसलो मी?"

मी म्हटलं, "बाप आहेस म्हणून."

गाडी आपली चालली होती. पुढच्या एका स्टॉपला त्याने हनुवटीनेच दाखवलं — "इथे उतरायची ती. तपासणीला." रोज ह्याच खांबासमोरून गेले मी. मला कुठे ठाऊक!

२९ एप्रिल

संध्याकाळी कामावरून आल्यावर म्हणाला, "येऊ मी तुमच्याबरोबर?" तिघं गेलो. बाबागाडी त्याने धरली. मी मागच्या बाकावर बसले, पाहुण्यासारखी.

३ मे, शनिवार

ग्रीक म्हातारी भेटली. हर्षदला बघून माझ्याकडे बघितलं, भुवया उंचावल्या. मी मान हलवली. मग तिने त्यालाही विचारलं, "नेम?"

"ईशा," तो म्हणाला.

मला माहीत नव्हतं! दोघांनी ठरवलं होतं म्हणे, आरोहीने मला बारशाला सांगायचं म्हणून लपवून ठेवलं होतं. म्हातारी "ईशा, ईशा" म्हणत राहिली. मीपण मनात म्हणून बघितलं. तोंडात बसत नाही अजून.

४ मे, रविवार

आज तो एकटाच घेऊन गेला तिला. मी घरी.

घर एवढं शांत की फ्रीजचा आवाज नकोसा झाला. चहा केला, प्यायले नाही. तिच्या कपड्यांच्या दोनदा घड्या केल्या. खिडकीतून ट्राम दिसते, प्रत्येक ट्रामला उठून बघत होते. रडत असेल. त्याला जमणार नाही. आत्ता येईल परत, म्हणेल आई, घ्या हिला.

आला काळोख पडता पडता. गाल थंडीने लाल, दोघांचेही. "समुद्रापर्यंत गेलो, आई! रडली, पण मी गात होतो." काय गात होतास? "मालवाहतुकीच्या बंदरांची नावं. ऑफिसातली." आणि हसला.

देवा, त्याला जमू दे म्हणून इतके दिवस हात जोडत होते. आणि जमलं तर मला ते सोसेना. मनातलं हे वहीतच राहो.

७ मे

त्याचा आवाज आला की बाय मान वळवते. मी हाक मारली तर बघते, हसते. पण मान त्याच्याकडे वळते.

८ मे, गुरुवार

ह्यांचा फोन. माळ्यावरून पाळणा काढला. आरोहीचाच. एक कडी गंजली होती, बदलली. पडवीतल्या तुळईला टांगून, आत पायलीभर तांदूळ ठेवून हलवून बघितला म्हणे! "करकरत नाय अजिबात." आवाज किती दिवसांनी असा ऐकला मी त्यांचा.

मग जेवताना हर्षद म्हणाला, "पुढच्या गल्लीत पाळणाघर आहे. ट्रामच्या रस्त्यावरच. वरच्या बाई घेऊन गेल्या होत्या मला." मी बघितलं तशी म्हणाला, "नुसतं बघायला गेलो होतो."

"मग?"

"काही नाही. तिकिटं काढलीत ना तुमची. दोघींची."

१२ मे, सोमवार

उद्या निघायचं. व्हिसा संपतो. दोन बॅगा भरल्या. एक माझी, एक तिची. तिची मोठी.

दुपारी एकटीच जाऊन आले, एक नंबरने, टोकापर्यंत. म्हातारी दिसली नाही. समुद्राला हात लावला. गार.

रात्रीची बाटली द्यायच्या वेळी हर्षद जवळ येऊन बसला. सांगायला लागला — उजव्या खांद्यावर घेतलं की लवकर झोपते. डावीकडे नाही. दूध संपत आलं की बाटली थोडी फिरवायची, नाहीतर हवा जाते पोटात. पायात मोजे नको असतात तिला, काढून टाकते, पण पांघरूण घट्ट लागतं. रडायला लागण्याआधी भुवईजवळ लाल होतं, तेव्हाच उचललं तर रडत नाही.

मला सांगत होता! माझ्या मांडीवर आरोही वाढली. पण भुवईजवळ लाल होतं हे मी पाहिलं नव्हतं. सगळं ऐकून घेतलं. म्हटलं, "लक्षात ठेवीन." तो "हं" म्हणाला आणि तिच्या पायांचे मोजे काढायला लागला.

१५ मे, गुरुवार. रत्नागिरी

फोनवर सांगायला तोंड झालं नाही.

सकाळी गाडी स्टेशनात लागली. हे डब्याशीच उभे होते, छत्री उघडून — बायला ऊन लागू नये म्हणून. मी उतरले. त्यांनी माझी बॅग घेतली आणि माझ्या मागे, दाराकडे बघत राहिले. गाडी सुटली, डबे पुढे जायला लागले, तरी बघत होते.

"ती बापाकडे आहे," मी म्हटलं. "मी ठेवली."